पडायचा वर्ग

बाबांचा पंच थांबला नाही.

एरवी तो हमखास थांबायचा. समोरच्याच्या ओठांच्या सूतभर अलीकडे, मध्ये काच असावी अशा बेताने. पण त्या संध्याकाळी मूठ पुढे गेली ती गेलीच, आणि समोर उभ्या असलेल्या मुलीचा खालचा ओठ फुटला. आवाज मोठा नव्हता, ओल्या कपड्यावर चापट मारावी तेवढाच. तरी मागच्या दोन्ही रांगांतली माणसं हात हवेत तसेच ठेवून थिजली.

मुलगी म्हणायला मुलगी. चांगली तिशीतली, दातांची डॉक्टर होती. कराटेच्या क्लबात सगळे तिला ‘दातवाली’ म्हणत.

“काही नाही, काही नाही,” ओठावर मनगट दाबत ती म्हणाली. “दात जागेवर आहेत. आणि नसते तरी दुरुस्तीचं दुकान माझंच आहे.”

एकजण हसला. बाकीचे हसले नाहीत. बाबा आपल्या मुठीकडे बघत होते. त्यांनी ती उघडली, पुन्हा मिटली. हत्याराची धार तपासावी तशी.

“अंतर चुकलं,” ते म्हणाले. मग टाचा जुळवून ते तिच्यासमोर इतके खाली वाकले, की डोक्यावरचा विरळ झालेला भाग मागच्या रांगेलाही दिसला. “माफ करा.”

तोवर दाराजवळच्या खोलीतून आई बर्फ गुंडाळलेला रुमाल घेऊन आली होती. ताईने टाळी वाजवून रांगा पुन्हा जुळवल्या आणि वर्ग पुढे घेतला. ताई म्हणजे त्यांची थोरली मुलगी. क्लब आता तीच चालवायची, आणि तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणायची. ती आकडे मोजत होती, पण लक्ष कोपऱ्यात होतं. तिथे बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते.

बाबा पंपाच्या कारखान्यात टर्नर होते. फिरत्या लोखंडावरून केसाएवढं लोखंड काढायचं आणि नेमकं तिथेच हात आवरायचा, यात त्यांची उमर गेली. कराटे ते शिकले तिशीत, तेही आईच्या वैतागामुळे. कामावरून आले, की ते घरभर येरझारा घालायचे. ‘फरशी झिजवण्यापेक्षा बाहेर जाऊन कुठेतरी हातपाय मारा,’ असं आई एकदा म्हणाली, आणि पुढच्या रविवारी ते बस बदलून शेजारच्या गावी खरोखरच हातपाय मारायला गेले. काही वर्षांनी परतले ते काळा बेल्ट घेऊन. घराखालचं गॅरेज त्यांनी रिकामं केलं, जमिनीवरचे तेलाचे डाग घासले आणि दारावर पाटी लावली.

पहिल्या वर्गात ताई होती, तिचा धाकटा भाऊ होता, आणि शेजारची तीन भावंडं. त्यांच्या आईला दुपारी डोळा लागावा म्हणून ती त्यांना इकडे पिटाळायची. ‘तुमच्या कराटेने माझं भलं झालं हो,’ ती येता-जाता बाबांना म्हणायची. मग त्या भावंडांचे मित्र आले. मित्रांच्या बहिणी आल्या. गॅरेजात लाथ मारली की ती भिंतीला लागायला लागली, तेव्हा वर्ग शाळेच्या व्यायामशाळेत गेला आणि तिथून या टायरच्या दुकानावरच्या लांबरुंद हॉलमध्ये. भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तिथे त्याने क्लबची शाखा काढली. ताईने एकदा नोकरी सोडून पाहिली, क्लब चालवून पाहिला, आणि मग ‘पाहिली’ हा शब्द कधी गळून गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. गॅरेजात शिकलेल्यांची मुलं आता पहिल्या रांगेत असत. दूध टाकणारा, नर्स, शाळेतली गणिताची बाई, बसचा ड्रायव्हर, ज्यांचं एरवी एकमेकांशी काही देणंघेणं नसतं अशी माणसं इथे एकमेकांना वाकून नमस्कार करत.

या सगळ्यांना बाबांनी वर्षानुवर्षं एकच सांगितलं होतं. मारायला काय, कोणालाही येतं. थांबता आलं पाहिजे.

वर्ग सुटल्यावर दातवाली बेसिनपाशी आरशात ओठ बघत होती. ताई तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

“टाके पडतील?”

“छे! उद्यापर्यंत सूज उतरेल.” तिने नळ बंद केला. “ताई, रागावणार नसाल तर एक सांगू?”

“सांग ना.”

“चूक माझी आहे. सरांच्या समोर उभं राहायचं म्हणजे वीतभर मागे उभं राहायचं, हे आम्हाला सगळ्यांना माहितीये. आज मी दिवसभर पेशंट बघून दमले होते. विसरले.”

ताईला आधी काही कळलंच नाही.

“सगळ्यांना म्हणजे?”

“सगळ्यांना. वर्ष झालं असेल. त्यांना अंतराचा अंदाज येत नाही हल्ली. एकदा बसवाल्या काकांच्या कानाला लागला होता, एकदा माझ्याच हनुवटीला. तेव्हापासून.”

ताई बेसिनच्या कडेला टेकली. गेलं वर्षभर ती याच माणसांवर ओरडत होती. अंतर कमी करा! एवढ्या लांबून काय वारा घालताय? ती ओरडली, की ते निमूट अर्धं पाऊल पुढे यायचे, आणि तिची पाठ वळली की पुन्हा मागे सरकायचे. तिला वाटायचं, शिस्त बिघडत चाललीये.

“मग मला कोणी बोललं का नाही?”

दातवालीने खांदे उडवले.

“उभं कसं राहायचं हे त्यांनीच तर शिकवलं आम्हाला. त्यांच्यासाठी वीतभर मागे सरकलो, तर काय बिघडलं? पण ताई, त्यांचे डोळे तपासून घ्या.”

डोळे तपासून झाले. डावा डोळा जवळजवळ कामातून गेला होता, आणि एका डोळ्याने जग चपटं दिसतं, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. जवळ काय आणि लांब काय, याचा हिशेब दोन डोळे मिळून करतात. उजवा टिकवायला दर आठवड्याला औषध घालून घ्यावं लागणार होतं. बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे सकाळीच हॉलवर गेले, पंचिंग बॅगच्या साखळीला तेल द्यायला.

ताई पोहोचली तेव्हा ते स्टुलावर चढले होते. तिने स्टूल धरलं.

“बाबा, आता रांगेसमोर उभं राहू नका.”

तेलाची कुपी साखळीवर तशीच राहिली.

“नुसते काता घेईन,” ते म्हणाले. कात्यात समोर कोणी नसतं. एकट्यानेच हालचाली करायच्या असतात.

“तुम्ही काता घेणार, आणि एखाद्याचा हात चुकला की पंच दाखवायला पुढे जाणार.”

त्यांनी विचार केला. “हो,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “जाणार.”

खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र सुरू झालं, बंद झालं.

“कोण काय म्हणालं?”

“कोणी नाही. मी म्हणतेय.”

थांबता आलं पाहिजे, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. बाबा स्टुलावरून उतरले, फडक्याला एकेक बोट पुसलं आणि फडक्याची नीट घडी घातली.

“सांगताना जड गेलं असेल तुला,” ते म्हणाले.

तिने फडक्याची घडी त्यांच्या हातातून घेतली. ते बूट घालून, कठड्याला धरून, एकेक पायरी मोजल्यासारखे खाली गेले.

आई दाराजवळच्या खोलीतून बाहेर आली.

“बोललीस?”

“हो.”

“बरं झालं,” आई म्हणाली. “मी आठवडाभर पाठ करत होते, कसं सांगायचं ते. मला काही जमलं नसतं.” आणि तिने ताईच्या हातातून ते फडकं काढून घेतलं.

त्यानंतर बाबा हॉलवर आले नाहीत. घरी त्यांनी प्रत्येक बिजागरीला तेल दिलं. नळांचे वायसर बदलले, चांगल्या नळांचेसुद्धा. “आता दारं इतकी गुळगुळीत झालीत की वाऱ्यानेही उघडतात,” आई हॉलवर आली की सांगायची. “काल म्हणाले, तुझ्या शिलाई मशीनचा आवाज येतोय. म्हटलं, खबरदार हात लावलात तर!”

भावाचा फोन आला. “त्यांना थोडे दिवस माझ्याकडे पाठव,” तो म्हणाला. “इथे शाखेत बसतील, बघतील.”

“ते काय पार्सल आहेत? आणि नुसतं बसून बघतील, असं वाटतं तुला?”

“नाही वाटत,” तो म्हणाला.

वर्ग चालू होते, आणि चालू होते तेही बरे. रांगा सरळ होत्या. आता खरोखरच कोणी वीतभर मागे सरकत नव्हतं. पण ताई एखादी हालचाल शिकवून संपवायची आणि क्षणभर थांबायची. उजव्या कोपऱ्यातून ‘कोपर!’ अशी हाक येईल म्हणून. हाक यायची नाही. मग तीच म्हणायची, “कोपर.” बसवाले काका दर वेळी जाताना विचारायचे, “सर बरे आहेत ना?” गणिताच्या बाई विचारायच्या नाहीत, रिकाम्या कोपऱ्याकडे वळून तेवढ्या वाकायच्या आणि मग बूट घालायच्या.

असेच काही आठवडे गेले. एका दुपारी ताई मॅटचे तुकडे जोडत होती, तेव्हा जिन्यात धापा टाकण्याचे आवाज आले. एक उंच म्हातारे गृहस्थ दारात उभे राहिले. त्यांच्यामागे दोन बायका होत्या, एक काठी टेकत आलेली, दुसरी गोल चेहऱ्याची, जाड भिंगांचा चष्मा लावलेली.

“पडायचा वर्ग इथेच का?” गृहस्थांनी विचारलं.

“कसला वर्ग?”

“पडायचा.” त्यांनी हाताने जमिनीकडे खूण केली. “धप्पकन.”

ताईने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. उंच गृहस्थ निवृत्त पोस्टमन होते. तिघंही दर आठवड्याला डोळ्यांच्या दवाखान्यात औषध घालून घ्यायला यायची. तिथेच त्यांची बाबांशी गाठ पडली होती.

“औषध घातलं की तासभर सगळं धूसर दिसतं,” पोस्टमन सांगू लागले. “त्यात या बाईंचा पाय पायरीवरून सटकला. तुमचे वडील शेजारीच होते, त्यांनी धरलं. धरलं ते धरलं, वर रागावले. म्हणाले, तुम्ही हात पुढे का टेकत होतात? मनगट मोडलं असतं ना! पडायला शिका आधी.”

“मी म्हटलं, माझं वय काय, मी आता पडायला शिकू?” काठीवाल्या बाई म्हणाल्या. “तर म्हणतात कसे, तुमचंच वय आहे.”

“मग त्यांनी बाकावर बसल्या बसल्याच सुरुवात केली,” चष्मेवाल्या बाईंनी सूत्र हाती घेतलं. “हनुवटी छातीला. श्वास सोडा. डॉक्टर बाहेर येऊन बघतात, तर सगळे पेशंट हनुवटी छातीला लावून बसलेले! त्यांना वाटलं, कोणीतरी गेलं.”

ताई हसली. कितीतरी दिवसांनी तिला असं पोटातून हसू आलं.

“पण बाकावर बसून माणूस किती पडणार?” पोस्टमन म्हणाले. “गाद्या पाहिजेत. त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, गाद्या आहेत, पण क्लब माझ्या मुलीचा आहे. तिला विचारावं लागेल. झाले की त्याला दोन-तीन आठवडे. दर वेळी म्हणतात, विचारतो.”

“घाबरतात,” चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. “म्हणून म्हटलं, आपणच जाऊन विचारावं.”

ताईने हातातला मॅटचा तुकडा खाली ठेवला. क्लब माझ्या मुलीचा आहे. पाटीवर अजून बाबांचंच नाव होतं, आणि ते बदलायचा विचार कधी तिच्या मनालाही शिवला नव्हता. ती उठून खिडकीपाशी गेली, खिडकी उघडीच होती ती पुन्हा उघडल्यासारखं केलं आणि परत आली.

“सकाळी हॉल रिकामाच असतो,” ती म्हणाली. “फक्त तुम्ही इथे आला होतात, हे त्यांना सांगू नका.”

संध्याकाळी ती घरी गेली. बाबा स्वयंपाकघरात कपाटाचा खण काढून त्याला मेण लावत होते.

“बाबा, सकाळच्या वर्गाला मला माणूस हवाय.”

“कसला वर्ग सकाळी?”

“म्हाताऱ्या माणसांना पडायला शिकवायचं. पंच नाही, लाथ नाही, समोर उभं राहणं नाही. मला काही ते जमणार नाही. मी त्यांना लहान वाटेन.”

बाबांनी खण जागेवर सरकवला. तो आवाज न करता आत गेला. त्यांनी मान किंचित वळवून उजव्या डोळ्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

“कोण काय म्हणालं?”

“कोणी नाही. मी म्हणतेय.”

गॅसजवळ उभ्या असलेल्या आईने चहा वाढवायला पातेल्यात आणखी पाणी घातलं.

पहिल्या सकाळी बाबा तासभर आधी हॉलवर आले. त्यांनी मॅट दुहेरी अंथरल्या. कराटेचा पोशाख त्यांनी घातला नव्हता. साधा सदरा आणि सैल पँट होती. दातवाली आपला दवाखाना उघडायच्या आधी मदतीला आली होती, कोणाचा तोल गेला तर सावरायला. पोस्टमन आले, दोघी बायका आल्या, आणि दवाखान्यातले आणखी काही जण, एकमेकांच्या दंडाला धरून.

बाबांनी हळूहळू उकिडवं बसून दाखवलं, पाठ गोल करून मागे लवंडले, दोन्ही तळहात मॅटवर आपटले, आणि कुशीवर वळून उठले. ताईच्या लक्षात आलं, की इथे त्यांना समोरचं अंतर मोजावंच लागत नव्हतं. जमीन जिथे होती तिथेच होती.

“कोण येतंय आधी?”

कोणीच पुढे झालं नाही.

“सर, तुमचं ठीक आहे,” काठीवाल्या बाई म्हणाल्या. “तुमचा जन्म यात गेला. ही मुलगी पडून दाखवेल, तर ती तरुण. आमच्यासारखं कोणीतरी पडून दाखवा, मग मी पडते.”

बाबा डोकं खाजवू लागले. तेवढ्यात दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला.

“मी पडते,” आई म्हणाली.

ती मॅटवर आली. बाबा तिच्याकडे बघतच राहिले.

“तू?”

“का? आयुष्यभर मॅट धुतल्या मी. स्वच्छ आहेत, मला माहितीये.”

“तसं नाही गं. तुला येतं का?”

“एवढी वर्षं दारातून बघतेय. पाचशे पोरांना तरी पडायला शिकवलं असेल तुम्ही. न येऊन सांगते कोणाला?”

“मग कधी बोलली नाहीस ती?”

“कोणी विचारलं कुठे?” आई सहज म्हणाली, मीठ संपलंय म्हणावं तसं.

ताई कमरेच्या बेल्टची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली. ती सैल झालेली नव्हती.

“बरं,” बाबा म्हणाले. त्यांनी बाकीच्यांकडे वळून शिकवायच्या सुरात म्हटलं, “बघा हं सगळ्यांनी. आधी हनुवटी—”

“माहितीये.”

आई उकिडवी बसली. गुडघे वाजले. तिने हनुवटी छातीला लावली, पाठ गोल केली आणि मागे लवंडली. दोन्ही तळहात एकाच वेळी मॅटवर पडले, आणि हॉलभर असा स्वच्छ आवाज घुमला, की दातवालीच्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं. पोस्टमननी टाळ्या वाजवल्या. काठीवाल्या बाईंनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

बाबा वाकले आणि तिला उठवायला हात पुढे केला. तो तिच्या खांद्याच्या बराच अलीकडे, हवेतच राहिला. आईने आपला हात उचलून तो धरला, पण उठली नाही.

“थांबा हो,” छताकडे बघत ती म्हणाली. “आत्ता कुठे पडलेय. जरा पडू द्या.”

बाबा क्षणभर तसेच वाकून उभे राहिले. मग गुडघ्यांवर आले, बसले, आणि तिचा हात न सोडता तिच्या शेजारी आडवे झाले.

“सर,” पोस्टमननी अदबीने विचारलं, “हाही वर्गातच येतो का?”

“येतो,” बाबा खालूनच म्हणाले.

मग एकेक करून सगळे आडवे झाले. चष्मेवाल्या बाईंनी आधी चष्मा काढून सांभाळून उशाशी ठेवला. दातवालीनेही घड्याळाकडे पाहून घेतलं आणि अंग टाकून दिलं. खिडकीतून येणारं ऊन मॅटवर पसरत गेलं.

दाराजवळच्या खोलीत फोन वाजला. आईची मान लगेच वर झाली.

“राहू दे,” ताई म्हणाली. “मी बघते.”

फोनवर एका विद्यार्थ्याची आई होती. मुलाची उंची वाढली, त्याच्या पोशाखाच्या बाह्या आखूड झाल्या होत्या. ताईने विचारलं, काय करायचंय. पलीकडची बाई जरा घुटमळली.

“नाही, तुम्हाला कशाला त्रास? आई नाहीयेत का तिथे? दर वेळी त्याच बघतात.”

ताईने उघड्या दारातून हॉलकडे पाहिलं.

“आहेत ना,” ती म्हणाली. “पण आत्ता त्या वर्गात आहेत.”